चॅनेलच्या अलीकडे थांबलेली लाँच

जानेवारी २०२५, संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची घारापुरीला एका दिवसाची सहल होती. गेटवेहून सुटलेली लाँच दाट धुक्यात सापडली आणि सारंगाने, म्हणजे ती चालवणाऱ्याने, ती भर पाण्यात तासाहून जास्त वेळ थांबवून ठेवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लेणी पाहून झाली, जेवणं झाली, मंडळी दिवेलागणीच्या आत गेटवेला परतली. म्हटलं तर यात लिहिण्याजोगं काही नाही. पण थांबलेल्या लाँचवर माणसं जशी वागली आणि सहलीच्या प्रमुखांनी जे केलं, त्यावरून संघाच्या पुढच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. मी त्या लाँचवर होतो. मेहुणे संघाचे सभासद, त्यांच्या आग्रहाने गेलो होतो. माझी उभी नोकरी बंदरात गेलेली, तेव्हा "तुम्हीच काय ते नीट लिहून द्या" असं माझ्या गळ्यात पडलं. नावं वगळली आहेत. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

सहल ठरली तेव्हा

सहल नोव्हेंबरातच ठरली होती, पैसेही जमा झाले होते. मग १८ डिसेंबरचा अपघात झाला. दुपारी चारच्या सुमाराला, लख्ख उजेडात, नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. टीव्हीवर ती चित्रफीत दिवसभर फिरत होती. संघातल्या बहुतेकांनी ती पाहिली होती, आणि सुनांनी-लेकांनी तर हमखास. सहल रद्द करा म्हणणारे निम्मे, पैसे बुडतील म्हणणारे निम्मे. शेवटी बाईंनी निकाल दिला. बाई म्हणजे सहलीच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरी ओलांडलेले सभासदसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. त्या म्हणाल्या, जायचं, पण नातवंडं आणायची नाहीत आणि जॅकेट प्रत्येकाने घालायचं, गुदमरतं वगैरे कारणं चालणार नाहीत.

मंगळवार निवडण्याचं कारण साधं होतं. सोमवारी लेणी बंद असतात, आणि शनिवार-रविवारी गेटवेला मुंगीला शिरायला जागा नसते.

यादीत ३२ नावं होती. त्यांतले ११ जण बदलापूरहून यायचे होते. संघ मुलुंडचा असला तरी एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे, आणि तिथली बिऱ्हाडं भाड्याच्या पैशांत परवडेल तिथे, म्हणजे बदलापूरला, जाऊन राहिली आहेत. थंडीत पहाटे कर्जत-बदलापूर पट्ट्यात धुकं उतरलं की लोकल रखडतात, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी तेच झालं. नऊच्या सुमाराला गेटवेवर २१ डोकी होती आणि उरलेल्या ११ जणांचा फोन आला की आम्ही अजून ठाण्यातच आहोत. बाईंनी त्यांना मागच्या लाँचने यायला सांगितलं आणि २१ जणांना घेऊन त्या पहिल्या लाँचमध्ये चढल्या. हा निर्णय मला त्या वेळी अगदी सरळ वाटला. त्यातली एक गोम पुढे येईल.

मुंबईतलं धुकं

मुंबईत उत्तर भारतासारखं धुकं पडत नाही, आणि म्हणूनच ते पडलं की कुणाला त्याची सवय नसते. डिसेंबर-जानेवारीत रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खालचा धूर, धूळ, दमटपणा सगळं त्या झाकणाखाली अडकतं. त्या आठवड्यात हवा इतकी खराब होती की भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं पालिकेने थांबवलेली होती. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पनवेल-उरणच्या खाड्या आणि खारफुटीवर रात्री साचलेलं धुकं तो हळूहळू बंदरात ढकलतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की सगळं धुवून निघतं. पण थंडीत खारा वारा उशिरा सुरू होतो.

याचा अर्थ असा की बंदरातलं धुकं सगळीकडे सारखं नसतं. ते पुंजक्यापुंजक्यांनी येतं. हवामान खात्याच्या हिशेबात दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली गेली की धुकं, २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं. गेटवेच्या कठड्यावरून त्या सकाळी नांगरलेल्या होड्या स्पष्ट दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडची जहाजं पुसट. खात्याच्या भाषेत ते धुकंसुद्धा नव्हतं, नुसतं धुरकं. लाँचा सुटत होत्या. आमचीही सुटली.

चॅनेलच्या अलीकडे

लाँच नेहमीची, लाकडी, दोन मजल्यांची. वरच्या डेकवर पुढे सारंगाची केबिन, खाली इंजिन. चढतानाच खलाशाने नारिंगी जॅकेटं वाटली. स्वेटर, त्यावर शाल, त्यावर जॅकेट, आणि पट्ट्याच्या आत अडकलेला पदर. एका आजींचा पट्टा काही केल्या बसेना, तेव्हा खलाशाने त्यांना उभं करून, पाठीमागून पट्टा ओढून, समोर दोन गाठी मारून दिल्या आणि बजावलं, "आता गेटवेला परत येईपर्यंत सोडायचा नाय." बायकांनी फोटो काढले. सीगल पक्ष्यांना वेफर्स टाकणारे होतेच. त्यावर पक्षीमित्रांनी कितीही डोकं आपटलं तरी हा प्रकार थांबणार नाही, असं माझं आता मत झालं आहे.

पंधराएक मिनिटांनी मिडल ग्राउंड या बंदरातल्या छोट्या बेटाच्या आसपास समोरचं सगळं एकदम पुसलं गेलं. आधी क्षितिज, मग पुढची लाँच, मग आमच्याच नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला खलाशी. कठड्याला हात लावला तर ओला लागत होता. केबिनमधून घंटीच्या दोरीचा टणत्कार झाला, खालच्या इंजिनाचा आवाज उतरला आणि लाँच नुसती डुलायला लागली. खलाशी नाळेवर पालथा पडला आणि एक हात कानामागे धरून ऐकत राहिला. सारंगाने केबिनची दोन्ही बाजूंची झडपं उघडली. मग भोंगा वाजला. एक लांब, क्षणभर थांबून आणखी एक लांब. दोन मिनिटं होत आली की पुन्हा तसंच.

प्रवाशांना या सगळ्याचा अर्थ कळेना. अर्थ असा. घारापुरी गेटवेपासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे, आणि तिकडे जाताना मोठ्या जहाजांचा खोल पाण्याचा रस्ता, म्हणजे चॅनेल, आडवा ओलांडावा लागतो. मुंबई बंदराची, जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याची आणि न्हावा-शेव्याची जहाजं त्या बाजूने जातात. कंटेनर भरलेलं जहाज इंजिन उलटं फिरवलं तरी जागच्या जागी थांबत नाही, आणि अरुंद चॅनेलमध्ये त्याला बाजूलाही होता येत नाही. लाकडी लाँच त्याच्या रडारवर फिकी दिसते. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत दिसेनासं झाल्यावर काय करायचं हे स्पष्ट लिहिलं आहे: वेग इतकाच ठेवायचा की थांबता येईल, डोळ्यांइतकाच कानांनी पहारा ठेवायचा, समोरच्या बाजूने भोंगा ऐकू आला तर वेग अगदी कमी करायचा, गरज पडली तर पूर्ण थांबायचं. चालत्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत एकेक लांब भोंगा द्यायचा; इंजिनाची बोट नांगर न टाकता पाण्यात थांबली असेल तर लागोपाठ दोन. सारंग नेमके दोन देत होता. तो सगळ्या बंदराला सांगत होता की मी इथे आहे आणि थांबलेलो आहे.

तो थांबला होता ती जागाही विचार करून निवडलेली होती. मिडल ग्राउंडच्या भोवतीचं पाणी मुळात उथळ. लाँचला तिथे पाणी भरपूर, पण दहा-बारा मीटर पाणी लागणारं जहाज त्या बाजूला फिरकू शकत नाही. दिवस अष्टमीचा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, दुपारी बाराच्या आसपास. पाणी उतरत होतं, पण भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने ओढ कमी होती. उधाणाच्या दिवसांत इतका वेळ एका जागी लाँच धरून ठेवणं जड गेलं असतं. इथे सारंग अधूनमधून घंटी देऊन इंजिन जरासं लावत होता आणि जागा राखत होता.

वर बसलेल्यांना मात्र एवढंच दिसत होतं की इंजिन बंद आहे, भोंगा पुन्हा पुन्हा वाजतोय, कर्मचारी पालथा पडलाय आणि कुणी काही बोलत नाही. भोंगा म्हणजे मदतीची हाक, असा अर्थ एका काकांनी लावला आणि तो एका दमात दोन्ही डेकवर पोचला. दुसऱ्या कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकलं: "समुद्राच्या मधोमध अडकलोय, काहीच दिसत नाही." बंदरात मोबाईलला रेंज असते. पाच-सात मिनिटांत पुण्याहून, ठाण्याहून, एकीच्या मुलीचा तर दुबईहून फोन. फोन उचललेला माणूस बोलता बोलता रडवेला होतो, शेजारचा ते ऐकतो, मग तो आपला फोन काढतो. अपघाताला तीन आठवडेही झाले नव्हते, हे लक्षात घेतलं तर कुणाला दोष देता येत नाही.

मग उठले मॅनेजरसाहेब. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने चांगले, पण रांग पुढे सरकत नसेल तर काउंटरवर जाऊन विचारायची सवय. ते थेट केबिनच्या दारात गेले. चार-पाच जण त्यांच्या मागे.

"अहो, इंजिन तर ठीक आहे ना? मग हळूहळू घ्या की पुढे."

सारंगाने मान वळवली नाही. "काका, बसा. कान लावू द्या."

"पुढे नाही तर मागे फिरवा. इथे काय करताय?"

सारंगाने उत्तर दिलं नाही, भोंगा ओढला. एवढ्या जवळून तो वाजल्यावर मागचे दोघे आपसूक बसले. मॅनेजरसाहेब नाही बसले. केबिनच्या दाराशी तीन-चार माणसं उभी आणि सारंगाला एका बाजूचं काही ऐकू येत नाही. सबंध प्रकरणात खरा धोका कधी निर्माण झाला असं मला कुणी विचारलं, तर मी ही दोन-तीन मिनिटं दाखवीन. धुक्यात सारंगाचे कान हेच त्याचं रडार. त्यात धुक्यात आवाजाची दिशा आधीच फसवी असते. आणि थोडा कच्चा, थोडा तरुण सारंग असता तर माणसांच्या दबावाखाली त्याने "चला, जाऊ हळूहळू" म्हटलं असतं. असे निर्णय बंदरात मी पाहिले आहेत. धुक्यापेक्षा गर्दीला घाबरून घेतलेले.

बाई माझ्याकडे आल्या. "हे बरोबर चाललंय का? दोन वाक्यांत सांगा, भाषण नको."

मी सांगितलं की पुढे मोठ्या जहाजांचा रस्ता आहे, तो ओलांडायचाय. आणि सारंग उथळ पाण्यात थांबलाय, तिथे मोठं जहाज येऊ शकत नाही.

"म्हणजे भिण्यासारखं नाही?"

"इथे थांबलोय तोवर नाही."

त्या डेकच्या मधोमध, दोन बाकांच्या मध्ये, उभ्या राहिल्या. माईक नव्हता, त्यांना लागतही नाही. "सगळ्यांनी इकडे बघा. दिवा स्टेशनाचं रेल्वे फाटक माहितीये ना? आत्ता आपण फाटकात उभे आहोत. पुढून मोठी गाडी जायची आहे. ती गेली आणि नीट दिसायला लागलं की आपण निघणार. लाँच बिघडलेली नाही. भोंगा मदतीसाठी नाही, आपण थांबलोय हे सांगण्यासाठी आहे." मग केबिनकडे वळून, "मॅनेजरसाहेब, फाटकवाल्याशी कुणी भांडतं का? या इकडे, मला फोनचं काम आहे."

कुणीतरी विचारलंच, "पण किती वेळ?"

"फाटकवाला सांगतो का कधी?"

लोक हसले. यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. बाईंनी वेळ सांगितली नाही. "दहा मिनिटांत निघू" म्हणणं सोपं होतं, आणि अकराव्या मिनिटाला लोक दुप्पट बिथरले असते. त्यांनी निघण्याची अट सांगितली. दिसलं की निघू. मग दर भोंग्याला लोक घड्याळाकडे न बघता समोर बघायला लागले.

मॅनेजरसाहेबांना त्यांनी खरोखरच काम दिलं. संघाच्या ग्रुपवर एकच संदेश त्यांनी टाकायचा: लाँच सुस्थितीत आहे, धुक्यामुळे थांबलो आहोत, सगळ्यांनी जॅकेट घातलं आहे, निघालो की कळवतो. बाकीच्यांनी आपापल्या घरी तोच पुढे पाठवायचा, स्वतःच्या मनाचं काही लिहायचं नाही. बँकेत उभं आयुष्य मसुदे तपासलेला माणूस. त्यांनी संदेश दोनदा सुधारला आणि मगच पाठवला. तेवढ्यात त्यांचा रागही उतरला. मग बाईंनी तिळाच्या वड्यांचे डबे उघडायला लावले. संक्रांत आठवड्यावर होती, पण वड्या सगळ्यांनी आणलेल्याच असतात.

डबे फिरत असताना उजवीकडून एक भोंगा आला. एकच, लांब, खोल आवाजाचा, पायाखालच्या फळ्यांना जाणवणारा. आमच्या सारंगाने लगेच दोन दिले. पुन्हा तो एक, आता समोरून. पुन्हा एक, डावीकडे गेलेला. जहाज दिसलंच नाही. नुसती पांढरी भिंत. आणि मग तिच्या आतून, एकामागोमाग, मोठ्या पल्ल्याच्या तीन-चार लाटा आल्या आणि लाँच हलवून गेल्या. एका डब्यातल्या वड्या घरंगळल्या. कुणी आवाज केला नाही. मॅनेजरसाहेब लाटांकडे बघून एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण तिथे असतो."

त्यानंतर बराच वेळ काही घडलं नाही. साडेदहाच्या पुढे डोक्यावर सूर्याची फिकट चकती दिसली, पाठोपाठ एक लाल बोया, मग नांगरलेल्या जहाजाचा सांगाडा. सारंगाने खलाशाशी दोन शब्द बोलून घंटी दिली आणि चॅनेल एका दमात ओलांडला.

बेटावर

घारापुरीला सुकतीमुळे धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता. म्हणूनच तो धक्का इतका लांब, आणि म्हणूनच त्यावर ती छोटी आगगाडी. मागची लाँच गेटवेलाच थांबवून ठेवलेली होती आणि धुकं उठल्यावर सुटली. बदलापूरची मंडळी आमच्या अर्ध्या तासाने उतरली. गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या तिघांसाठी डोली केली, बाकीचे शंभर-सव्वाशे पायऱ्या थांबत थांबत चढले. माकडांनी एकाची चष्म्याची डबी नेली. तोफांची टेकडी बाईंनी तिथल्या तिथे कार्यक्रमातून काढली.

लेण्यांवर मी इथे लिहीत बसत नाही. १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. एवढंच नोंदवतो की पहिल्या लेण्याचं तोंड उत्तरेला आहे, पूर्व-पश्चिमेला मोकळे चौक आहेत, आणि बाहेर धुरकं असल्यामुळे त्या दिवशी आत कुठेही कडक सावली नव्हती. महेशमूर्तीच्या डाव्या मुखावरचा नाग, एरवी अंधारात हरवणारा, नीट दिसत होता. सदस्यांपैकी एक जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेले, ते बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत तिथेच बसले. "ज्याच्यावरून एलिफंटा नाव पडलं तो हत्ती कुठाय?" असं एकाने विचारलं. तो बेटावर नाही. तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. इतक्या खटाटोपाने इथे येऊन हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

परतीसाठी बाईंनी शेवटची लाँच न घेता साडेतीनची धरली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. शेवटच्या लाँचला गर्दी असते आणि ती पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो. शिवाय ती चुकली किंवा रद्द झाली तर पुढे काय? बेटावर पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही. दुपारी खारा वारा सुटला होता, अटल सेतू या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, आणि सकाळी जिथे आम्ही आंधळे होऊन बसलो होतो ते पाणी कुणालाच ओळखता आलं नाही.

बैठकीत काय झालं

मॅनेजरसाहेबांनी तीन मुद्दे लेखी दिले. ते चिडून दिलेले नव्हते, म्हणून प्रत्येकाला उत्तर देतो.

मागे का फिरवली नाही, याचं उत्तर सोपं आहे. गेटवेहून सुटलेल्या आणखी लाँचा आमच्या मागे होत्या, त्याही धुक्यात. मागे वळणं म्हणजे त्यांच्या तोंडावर जाणं. आणि गेटवेच्या पायऱ्यांपाशी होड्यांची दाटी असते.

सावकाश पुढे का गेला नाही? कारण चॅनेल सावकाश ओलांडणं म्हणजे जिथे सगळ्यात कमी वेळ राहायचं, तिथे सगळ्यात जास्त वेळ राहणं. लोकांना वेग कमी म्हणजे धोका कमी असं वाटतं. मोकळ्या पाण्यात ते खरं आहे. आडव्या वाहतुकीत पर्याय दोनच: नीट दिसत असताना पार व्हा, नाही तर अलीकडे थांबा.

तिसरा मुद्दा वजनदार आहे: सुटलाच का? सुटताना मनाई नव्हती, समोर बऱ्यापैकी दिसत होतं, आणि इतर लाँचाही जात होत्या. सारंगाने नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. पण मतलई वारा पडलेला नाही, ऊन लागलेलं नाही, उरणकडची बाजू पांढरी आहे, हे गेटवेवरूनही दिसत होतं. मी असतो तर धक्क्यावरच अर्धा तास काढला असता. अर्थात, तिकीट काढून रांगेत उभ्या असलेल्या माणसांसमोर हे म्हणणं माझ्यासारख्या निवृत्ताला सोपं आहे. सारंगाला नऊच्या ठोक्याला सुटायला लावणारे आपणच असतो. त्याची तक्रार करावी असा ठराव आला होता, तो बारगळला. एका आजींनी उलट त्याला तिळगूळ पाठवायचा ठराव मांडला, तो मंजूर झाला.

यादी

धुक्याच्या गडबडीत एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. ती बैठकीत संघाच्या कार्यालयात बसणाऱ्या गृहस्थांनी काढली. गेटवेहून सुटताना बाईंनी ३२ नावांची यादी त्यांना मोबाईलवर पाठवली होती, आणि खाली लिहिलं होतं, "सगळे बसलो, निघालो." लाँचवर होते २१. अकरा जण त्या वेळी लोकलमध्ये. म्हणजे किनाऱ्यावर ज्याच्याकडे आमचा हिशेब होता, त्याच्या लेखी ३२ माणसं पाण्यात होती. लाँचला काही झालं असतं तर बचावाला आलेल्यांनी ज्या अकरा जणांना पाण्यात शोधलं असतं, ते गेटवेच्या कठड्यावर चहा पीत उभे असते. डिसेंबरच्या अपघातातही बोटीवर नेमके किती जण होते, याचे आकडे पहिल्या काही तासांत बदलत होते. बचावाचं काम करणाऱ्यांना त्याची किती झळ लागते हे बंदरातल्या माणसाला विचारा.

बाई यावर काही बोलल्या नाहीत. वही काढून लिहून घेतलं.

मार्चमध्ये संघ मुरूड-जंजिऱ्याला गेला. तिथे राजपुरीहून होडीने किल्ल्यावर जायचं असतं, दोन फेऱ्या कराव्या लागल्या. बाईंनी यादीच्या दोन प्रती आणल्या होत्या, प्रत्येक होडीला एक. नावावर खूण माणूस आला तेव्हा करायची नाही, त्याने होडीत पाय ठेवला की करायची. होडी सुटली की त्या कागदाचा फोटो कार्यालयात. दुसऱ्या होडीची यादी मॅनेजरसाहेबांकडे होती. एका गृहस्थांनी आयत्या वेळी होडी बदलली, तर त्यांनी होडी थांबवून दोन्ही कागद दुरुस्त करून घेतले, आणि मगच दोर सोडू दिला.